सालगड्याचा बैल आणि ड्रायव्हरचा ट्रक

लोककलेच्या रक्षणाविषयी आपल्याकडे जी भाषणे होतात ती ऐकताना एक गोष्ट नेहमी ध्यानात येते. ज्या कलेचा कर्ता निमूट झाला आहे, किंवा ज्याची कला विकत घेऊन दिवाणखान्यात टांगता येते, तिच्याविषयी राज्यकर्त्यांना फार जिव्हाळा असतो. जो कर्ता अद्याप रस्त्यावर आहे, घामेजलेला आहे आणि भाडेवाढ मागतो आहे, त्याने काही रंगविले तर ती कला ठरत नाही. तो नियमभंग ठरतो. २०१८ साली बिहार संपर्क क्रांती या रेल्वेगाडीचे डबे मधुबनी चित्रांनी रंगविण्यात आले, तेव्हा त्याचे देशभर कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण त्याच देशात एखाद्या ड्रायव्हरने आपल्या ट्रकच्या फाळक्यावर मोर काढला, बंपरला काळा गोंडा बांधला आणि केबिनवर चार ओळी लिहविल्या, तर पुढच्या नाक्यावर त्याला काय ऐकावे लागते ते कोणत्याही ट्रक-टर्मिनलवर जाऊन विचारावे. सरकारने गाडी रंगविली तर संस्कृती, मजुराने रंगविली तर गुन्हा, असा हा न्याय आहे.

या विषयावर पक्षाच्या साप्ताहिकात लिहावे काय, असा प्रश्न काही मित्रांना पडेल. कापसाचा भाव, वनहक्काचे दावे, सिमेंट कारखान्यांतील कंत्राटी कामगार असे जळते प्रश्न समोर असताना ट्रकच्या फाळक्यावरच्या मोराला जागा कशाला? माझे म्हणणे असे की, हा मोर त्या प्रश्नांहून वेगळा नाही. ज्या वस्तूवर माणूस राबतो पण जी त्याच्या मालकीची नाही, त्या वस्तूशी त्याचे नाते काय असावे, हा समाजवादाचा जुनाच प्रश्न आहे. तो आमच्या कोरपन्याच्या रस्त्यावर रंगांत लिहिलेला दिसतो इतकेच.

कोरपना तालुका ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला, तेलंगणातील आदिलाबादला लागून असलेला हा मुलूख. १९५६ पर्यंत हा सारा राजुऱ्याचा भाग निजामी राज्यातून आलेल्या हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर तो प्रथम नांदेडला आणि १९५९ मध्ये चंद्रपूरला जोडला गेला. एका अंगाला माणिकगडचे डोंगर, गोंड आणि कोलामांच्या वस्त्या. दुसऱ्या अंगाला काळी कापसाची जमीन. आणि जमिनीखाली चुनखडी. या चुनखडीने तालुक्याचे नशीब बदलले की बिघडविले, याचा हिशेब अजून पुरा व्हायचा आहे. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा या एकमेकांच्या हाकेच्या अंतरावरच्या गावांत सिमेंटचे मोठे कारखाने उभे आहेत. पलीकडे राजुरा, बल्लारपूर, वणीच्या कोळशाच्या खाणी आणि २,९२० मेगावॉटचे चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र. कोळसा येतो, राख येते, क्लिंकर आणि सिमेंट जाते. राजुरा-गडचांदूर-कोरपना-आदिलाबाद या रस्त्यावर दिवसरात्र जी रांग लागते तिच्यात तेलुगू, गुरुमुखी, नागरी अशा तीन-तीन लिप्यांतले ट्रक एकामागोमाग जातात आणि त्या सगळ्यांवर एकच राखाडी थर बसलेला असतो. त्या थराखालून केशरी आणि हिरवा रंग डोकावतो, तोच आपला विषय.

या रंगाची वंशावळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. श्रावणातल्या अमावास्येला, पोळ्याच्या दिवशी, आमच्याकडच्या कोणत्याही गावात उभे राहावे. आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने, पळसाच्या पानाने शेकलेले असतात. पोळ्याला शिंगे हिंगुळाने किंवा अलीकडे ऑइलपेंटने रंगवितात, शिंगांच्या टोकांना बेगड लावतात, गोंडे बांधतात. कपाळावर मटाटी, डोक्यावर बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ आणि कवड्यांची माळ, पाठीवर झूल, अंगावर गेरूचे ठिपके. मग आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात आणि झडत्या सुरू होतात. या झडत्या म्हणजे नुसत्या देवाच्या स्तुतीच्या ओळी नव्हेत. तीत पाटलाला टोमणा असतो, सावकाराला चिमटा असतो, कापसाच्या भावावर आणि सरकारवर ताशेरे असतात. वर्षातून एक दिवस राबणाऱ्याला सगळ्या गावादेखत बोलण्याचा परवाना असतो आणि तो परवाना त्याला सजविलेल्या बैलाच्या शेजारी उभे राहून मिळतो.

आता ट्रककडे पाहा. पुढच्या बंपरला लोंबणारे काळे गोंडे, आरशांना बांधलेली चवरी, काचेवर झालर, टपावर झेंडूची माळ, दोन्ही हेडलाइटांवर काढलेल्या पापण्या, केबिनच्या कपाळावर देवाचे किंवा आईचे नाव आणि मागे फाळक्यावर झडतीसारखी एखादी ओळ, कधी उपदेश, कधी थट्टा, कधी नुसताच उसासा. शिंगांचे गोंडे आरशांवर आले, बाशिंग केबिनच्या कपाळावर चढले, झूल ताडपत्री झाली, मटाटीच्या जागी कंपनीच्या चिन्हाभोवती फुलांची वेल आली. खंडेनवमीला ट्रक धुऊन, हळदकुंकू वाहून, ऊस आणि केळीचे खांब बांधून उभा करतात तेव्हा तर संशयाला जागाच राहत नाही. हा पोळाच आहे. फक्त जनावर बदलले आहे. बंडी, रेंगी, दमणी यांच्या साट्यांवर नि जुवांवर सुतार-लोहार जी नक्षी करीत होते तिचाही अंश बॉडी बिल्डरांच्या शेडमधल्या लाकडी फाळक्यांवर उतरला. १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाल्यानंतरच्या हंगामात खरेदी केंद्रापुढे बंड्यांच्या ज्या लांबच लांब रांगा लागत, त्या ज्यांनी पाहिल्या त्यांना आजची सिमेंट कारखान्यांपुढील ट्रकची रांग ओळखीची वाटेल. तेच ताटकळणे, तेच झाडाखाली शिजविणे आणि रिकाम्या वेळात तेच आपल्या जनावराला नटविणे.

इथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो, आणि लोककलेचे अभ्यासक तो सहसा मांडत नाहीत. पोळ्याला बैल सजवितो कोण? बैलाचा धनी नव्हे. मोठ्या शेतकऱ्याच्या घरी बैल सजवितो तो सालगडी. पाडव्याला साल ठरवून आलेला, धान्य-कपडा-रोख अशा बोलीवर बांधलेला तो माणूस वर्षभर त्या बैलामागे चालतो. बैल त्याचा नाही, वखर त्याचा नाही, शेत तर नाहीच. तरी शिंगे रंगवितो तो, आणि तोरणाखालून जोडी घेऊन निघतो तोही तोच. पोळा फुटल्यावर तो बैल घेऊन घरोघर जातो आणि लोक त्याला बोजारा देतात. याचा अर्थ रूढीने एवढे मान्य केले होते की, मालकी धन्याची असली तरी त्या जनावराशी राबणाऱ्याचे एक वेगळे नाते आहे, ते वर्षातून एकदा उघडपणे मांडण्याचा त्याला हक्क आहे आणि त्या हक्कापोटी त्याला काही देणे लागते. मी या रूढीचे गोडवे गात नाही. सालदारी ही वेठीचीच एक सभ्य बहीण होती, आणि बोजाऱ्याच्या चार पैशांनी ३६४ दिवसांची पिळवणूक धुऊन निघत नव्हती. पण एक गोष्ट तीत होती. ज्या साधनावर तू राबतोस त्यावर तुझी खूण उमटविण्याचा अधिकार तुला आहे, हे सरंजामी व्यवस्थेनेही नाकारले नव्हते.

ट्रकच्या बाबतीत हीच बोली अनेक वर्षे चालू राहिली. १९५१ साली देशातील मालवाहतुकीपैकी ८५ टक्क्यांहून अधिक माल रेल्वेने जात असे. आज रेल्वेचा वाटा तिशीच्या आत आला आहे आणि उरलेला बहुतेक बोजा रस्त्यावर आहे. ही वाहतूक दीर्घकाळ एक-दोन ट्रकांच्या छोट्या मालकांनी ओढली. १९६९ च्या बँक राष्ट्रीयीकरणानंतर त्यातल्या काहींना कर्ज मिळू लागले, बाकीचे खासगी फायनान्सवाल्यांच्या दारी गेले. छोटा मालक नुसती चॅसी विकत घेई. बॉडी स्थानिक शेडमध्ये बांधून घेई. तिथे सुतार, वेल्डर, पेंटर, गादीवाला यांचे हात लागत. रंगकामाची निवड बहुधा ड्रायव्हरकडे असे, कारण महिन्यातले पंचवीस दिवस त्या केबिनमध्ये राहायचे ते त्याला. मालकालाही त्यात तोटा नव्हता. नटविलेली गाडी ड्रायव्हर जपून चालवितो हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. त्या ट्रककडे बारकाईने पाहिले तर त्यावर सारे उत्पादनसंबंध लिहिलेले सापडत. दारावर मालकाचे नाव आणि गाव. कोपऱ्यात लहान अक्षरांत कोणत्या बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे गाडी गहाण आहे ते. नियमाप्रमाणे ‘नॅशनल परमिट’. आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढीत ड्रायव्हरने सांगितलेला मोर, कमळ, गाय-वासरू, मुलीचे नाव. मालक, सावकार, सरकार आणि मजूर, चौघांच्या सह्या एका फाळक्यावर. पेंटरची सही तेवढी फार तर मडगार्डपाशी, टोपणनावाने.

जगात असे सर्वत्र घडले आहे. पाकिस्तानातील ट्रक तर आपल्यापेक्षा कितीतरी अधिक नटलेले असतात. २००२ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन लोकजीवन महोत्सवात तिकडून नेलेला ट्रक कराचीच्या कारागिरांनी प्रेक्षकांसमोर रंगविला होता. ढाक्याच्या सायकलरिक्षा आणि त्यांवरील चित्रकला युनेस्कोने २०२३ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली. कोस्टारिकातील रंगीत बैलगाड्यांची परंपरा त्याच यादीत २००८ पासून आहे. जपानात १९७५ साली निघालेल्या एका लोकप्रिय चित्रपटाने दिव्यांनी लखलखणाऱ्या ट्रकांचे वेडच लावले. अमेरिकेत ह्यूस्टन शहरी १९८८ पासून सजविलेल्या मोटारींची मिरवणूक निघते. पण यातही एक वर्गभेद आहे, तो नजरेआड करू नये. ह्यूस्टनचा कलावंत स्वतःच्या मालकीची मोटार हौसेने रंगवितो. ढाक्याचा रिक्षावाला बहुधा दुसऱ्याच्या गॅरेजमधून भाड्याने आणलेली रिक्षा ओढतो. पहिल्याची सजावट ही त्याची आवड आहे, दुसऱ्याची सजावट ही त्याच्या धंद्याची भाषा आहे. आणि युनेस्कोच्या यादीत नाव गेल्याने त्या रिक्षावाल्याचे दिवसाचे भाडे कमी झाले असेल, असे मानण्याइतका भोळेपणा मजजवळ नाही.

आता आमच्या रस्त्यावर काय बदलले ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे गाडीचा आकारच बदलला. सुटे सिमेंट आणि वीज केंद्राची राख आता मोठ्या प्रमाणात बल्करमधून जाते. बल्कर म्हणजे चाकांवर ठेवलेली पोलादी टाकी. तिला फाळका नाही, हौदा नाही, लाकूड नाही. पोती नाहीत म्हणून हमाल नाही आणि फळी नाही म्हणून पेंटर नाही. दोघांची भाकरी एकाच नळीतून उडून गेली. दुसरी गोष्ट म्हणजे मालक बदलला. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहनांची भारवहन मर्यादा २० ते २५ टक्क्यांनी वाढविली. ज्याच्याकडे नव्या मोठ्या गाड्या घेण्याची ऐपत होती त्याचा त्यात फायदा झाला; जुन्या दोन अॅक्सलच्या ट्रकवर जगणारा मात्र, तेवढाच माल कमी फेऱ्यांत जाऊ लागल्यामुळे, भाड्यासाठी अधिक झगडू लागला. एकेका गाडीचे मालक ताफ्यांच्या मालकांपुढे टिकेनासे झाले, आणि काही तर स्वतःचीच गाडी विकून तिच्यासारख्याच दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून चढले. ताफ्याच्या गाडीचा रंग कंत्राटात ठरलेला असतो. पांढरा किंवा कंपनीचा रंग, ठरावीक चिन्ह, गाडीचा क्रमांक आणि मागे एक फोन नंबर: हा ड्रायव्हर बेफाम चालवीत असेल तर आम्हांस कळवा. जिथे पूर्वी ड्रायव्हर जगाशी बोलत असे त्याच जागेवर आता जगाने ड्रायव्हरविषयी तक्रार करावी अशी सोय केली आहे. फाळक्याचा मालक कोण झाला, हे समजायला याहून वेगळा पुरावा नको.

तिसरा बदल अधिक लबाड आहे. सजावट संपली असे नाही. ती विकत मिळू लागली. संगणकावर कापलेली प्लास्टिकची अक्षरे आणि चित्रे, ज्यांना आपल्याकडे सरसकट ‘रेडियम’ म्हणतात, ती प्रत्येक तालुक्याच्या गावी तासाभरात चिकटवून मिळतात. ती स्वस्त आहेत, चकाकतात आणि पेंटरसाठी दोन दिवस गाडी उभी ठेवावी लागत नाही. छोट्या मालकाने ती घेतली म्हणून त्याला दोष देणारा मी नव्हे. परंतु हाताने काढलेल्या चित्रात आणि या चिकटचित्रात एक राजकीय फरक आहे. पेंटरचा मोर गडचांदूरला वेगळा, आदिलाबादला वेगळा असे. चिकटचित्र मात्र एकाच फाइलमधून देशभर निघते. २०१५ च्या सुमारास केरळातील एका तरुण चित्रकाराने हनुमानाचा एक रागीट चेहरा काढला. पाहता पाहता तो देशभर लाखो गाड्यांच्या काचांवर चढला, आणि राजकीय सभांतून त्याचे नाव घेतले जाऊ लागले. आपल्या गावातल्या पारावरचा मारुती कुणावर रागावलेला नव्हता; त्याला शेंदूर लागलेला होता इतकेच. रागाचा ठोक पुरवठा होऊ लागला तो अशा वाटेने. हाताने अक्षरे काढणाऱ्या पेंटरांची वळणे जमवून ठेवण्याचा उद्योग हनीफ कुरेशी या कलावंताने काही वर्षे केला. २०२४ साली तो गेला. त्याचे काम मोलाचे होते. पण अक्षरांचे वळण संगणकात जतन झाले म्हणून ते काढणारा हात पोसला जातो, असे नाही.

मग कायदा येतो. एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने व्यापारी वाहनांवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास बंदी केली; या शब्दांमुळे विनाकारण भोंगे वाजतात असे कारण देण्यात आले. कारण अगदीच खोटे नव्हते. पण आपल्या रस्त्यांवरचा गोंगाट एका पाटीमुळे होत होता आणि पाटी पुसल्यावर तो थांबला, असे कुणी प्रामाणिकपणे म्हणेल काय? मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत असा फेरफार वाहनात करता येत नाही. सुरक्षिततेसाठी ते आवश्यक आहे. डिसेंबर २०१७ मध्ये बंपरपुढचे लोखंडी गार्ड बसविण्याला केंद्राने मनाई केली, तीही रास्तच होती, कारण त्या गार्डने मरतो तो पायी चालणारा. डोळे दिपविणारे दिवे आणि कान फाडणारे प्रेशर हॉर्न यांना लोककला म्हणून पाठीशी घालण्याचा माझा हेतू मुळीच नाही. त्यांचा त्रास रस्त्याकडेच्या शाळेला आणि झोपडीला होतो. पण नियमाची अंमलबजावणी कशी होते? जादा भार भरलेली गाडी पुढे जाते आणि गोंडा बांधलेली थांबते, अशी ड्रायव्हरांची सार्वत्रिक तक्रार आहे. जादा भार हा मालकाचा आणि माल भरणाऱ्याचा नफा असतो, गोंडा हा ड्रायव्हरचा. कुणाचा नफा थांबविणे सोपे, हे सांगायला नको.

याच ड्रायव्हरांनी १ व २ जानेवारी २०२४ रोजी देशभर चाके थांबविली तेव्हा मध्यमवर्गाला पेट्रोलपंपापुढे रांगा लावाव्या लागल्या आणि ट्रक-ड्रायव्हर नावाचा प्राणी अस्तित्वात आहे हे त्याला समजले. नव्या न्यायसंहितेतील १०६ (२) या कलमाने अपघातानंतर न कळविता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली होती; जमाव मारून टाकील या भीतीने पळणाऱ्या माणसाला ती अन्यायाची वाटली. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते कलम स्थगित ठेवावे लागले. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालवाहू ट्रकांची केबिन वातानुकूलित असावी असा नियम झाला आहे, त्याचेही मी स्वागत करतो. पण थंड केबिन देऊन तिच्यावर ड्रायव्हरचे नाव लिहू द्यायचे नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

आमच्यातल्या काही मित्रांचा आक्षेप वेगळा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. लिंबू-मिरची, काळी बाहुली, जुनी चप्पल ही अंधश्रद्धा. फाळक्यावरच्या ओळींत बायकांची टिंगल. आणि गेल्या काही वर्षांत काचेवर जातीच्या बढाया. हे सगळे आपण लोककला म्हणून डोक्यावर घ्यायचे काय? नाही. लिंबू-मिरचीविषयी माझे मत असे की, ज्याला दिवसाचे सोळा तास गाडी हाकावी लागते, ज्याचा विमा गाडीपेक्षा लहान असतो, त्याच्या भीतीवर हसण्यापूर्वी त्याचे तास कमी करावेत. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास सांगितले होते. पाच माणसांच्या आतल्या धंद्याला तो लागूच नव्हता, आणि जिथे लागू होता तिथेही रस्त्यावर दिसला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या श्रमसंहितांत तो आता विरून गेला. तास आठ झाले की लिंबाची गरज आपोआप कमी होईल असा माझा अंदाज आहे. बायकांविषयीच्या हिणकस ओळींना मात्र कसलीही सबब नाही. त्या पुसायला हव्यात आणि त्या पुसण्याचे काम पोलिसांपेक्षा युनियनच्या बैठकीत चांगले होईल.

जातीच्या नावाचे मात्र सरसकट बोलता येत नाही. ज्याच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या सत्ता होती त्याने चारचाकीच्या काचेवर वाघ काढून इतरांना मुजरा करायला सांगणे ही दमदाटी आहे. पण जिवतीच्या डोंगरातून उतरणाऱ्या गोंडाच्या ऑटोवर ‘जय सेवा’ असते, किंवा एखाद्या ट्रॅक्टरवर निळ्या रंगात ‘जय भीम’ असते, ते दमदाटीचे नाही. ती रस्त्यावरच्या हक्काची नोंद आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवसांत चंद्रपूरच्या दीक्षाभूमीकडे कोरपना, राजुरा, गोंडपिपरीकडून टेंपो, ट्रक, ट्रॅक्टर निघतात. पंचशील ध्वज, निळ्या पताका, कागदी फुले, बाबासाहेब आणि बुद्धाच्या तसबिरी. ज्यांच्या आजोबांना गावच्या बंडीत बसू दिले जात नव्हते त्यांच्या नातवांनी सजविलेली ती वाहने असतात. चंद्रपूरला आलेल्या एखाद्या कलासमीक्षकाने प्रदर्शनाच्या दालनाऐवजी त्या रस्त्यावर अर्धा दिवस उभे राहावे, असे मी सुचवीन. लग्नाच्या मोटारीवरचे गुलाब आणि थर्माकोलची अक्षरे आपण सगळेच पाहतो. त्यांविषयी वेगळे लिहिण्याजोगे मला काही दिसत नाही.

प्रश्न असा की, करायचे काय. ट्रक-कलेचा महोत्सव भरविण्याची कल्पना लगेच कुणीतरी काढील. कारखान्याच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून एखादा सुबक ट्रक रंगवून फाटकापाशी ठेवतील, पाहुणे त्याच्यापुढे छायाचित्रे काढतील, आणि पलीकडच्या पार्किंगमध्ये अठरा तास उभ्या असलेल्या ड्रायव्हरला शौचालय असणार नाही. त्या वाटेला आपण जाऊ नये.

त्याऐवजी दोन-तीन साध्या गोष्टी मागता येतील. कारखान्यांच्या वाहतूक कंत्राटात गाडीचा बाहेरचा रंग कंपनीने ठरवावा, पण केबिनचा आतला भाग आणि फाळक्यावरची एक ठरावीक चौकट ड्रायव्हरच्या निवडीची असेल, असे कलम घालता येते. सुरक्षिततेच्या परावर्तक पट्ट्यांना धक्का न लावता ते सहज शक्य आहे. मागणी क्षुल्लक वाटेल. पण ती मान्य करताना कंत्राटदाराला प्रथम हे कबूल करावे लागते की या गाडीवर एक विशिष्ट माणूस काम करतो, आणि नेमकी हीच गोष्ट तो हजेरीपत्रकात कबूल करीत नाही. तासांचा हिशेब, भविष्यनिर्वाह निधी, अपघात विमा या मागण्यांच्या रांगेत ही मागणी शेवटची असली तरी चालेल. पण ती रांगेत असावी, कारण बैठकीला ड्रायव्हर येईल तो बहुधा हिच्यामुळे येईल.

दुसरी गोष्ट पेंटरांची. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्राने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत १८ धंदे आहेत: सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, धोबी, शिंपी, होडी बांधणारा, जाळे विणणारा, खेळणी करणारा, इतकेच काय फुलांचे हार करणारासुद्धा. ट्रकच्या बंपरला माळ गुंफून देणाऱ्याला त्या योजनेत ओळखपत्र आणि सवलतीचे कर्ज मिळू शकते. त्याच ट्रकच्या फाळक्यावर मोर काढणाऱ्या पेंटरचे नाव यादीत नाही. पाट्या रंगविणारा, बॉडी रंगविणारा हा परंपरेने एका जातीशी बांधलेला धंदा नव्हता. दलित, मुसलमान, पद्मशाली, कुणबी असे कुणीही ब्रश हातात घेऊन त्यात शिरले. कदाचित म्हणूनच ‘पारंपरिक कारागीर’ या सरकारी व्याख्येत तो बसला नसावा. जातीच्या चौकटीबाहेर उभा राहिलेला धंदा परंपरेच्या यादीत मावत नाही, यातले इंगित कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे. गडचांदूर, कोरपना, राजुरा आणि बल्लारपूर या चार गावांत अजून ब्रश धरणारे पेंटर किती उरले आहेत याची मोजणी आपल्या शाखांना आठवड्याभरात करता येईल. पैकी कितींची ई-श्रम पोर्टलवर नोंद आहे, रंगातल्या शिशामुळे आणि थिनरच्या वाफेमुळे कितींना दम्याचा त्रास आहे आणि कितींनी आता रेडियमचे यंत्र हप्त्याने घेतले आहे, हेही त्याच फेरीत विचारून घ्यावे. ती मोजणी हाती आली की यादीत एकोणिसावा धंदा घालण्याचा ठराव नगर परिषदेपासून वर पाठविता येईल.